अवलंबित, कंसात पत्नी

कोणत्या माणसाने आपली लाज कुठे ठेवलेली असेल, सांगता येत नाही. आमच्या तपासनिसांची लाज अकरा वर्षं एका निळ्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर होती आणि तिथे ती अगदी सुखात होती. त्या पानावर नुसतं एक अक्षर आणि दोन आकडे छापलेले होते. त्यांचा अर्थ परदेशी नागरिकांच्या कचेरीबाहेर कुणालाही कळत नसे. पण सरकारला कुणाचं सुख फार दिवस बघवत नाही. त्यांनी पुस्तिका बंद केल्या आणि रहिवासाचं कार्ड काढलं. गुळगुळीत, खिशात मावणारं, वर रंगीत फोटो. फोटोखाली, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: वास्तव्याचा प्रकार – अवलंबित (पत्नी).

तपासनीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते झाकणं तपासायचे. शंभरांतलं एक झाकण उचलायचं, पाण्याने भरलेल्या बरणीवर बसवायचं, बरणी उलटी धरून वीसपर्यंत मोजायचं, आणि थेंब आला तर पेटीवर लाल खडूने फुली मारायची. साडेनऊ वर्षांत त्यांच्या हातून एकही गळकं झाकण सुटलं नव्हतं. लोकांची झाकणं तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे आपलंही एखादं गळू शकेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते गळलं एका सोमवारी सकाळी, कारखान्याच्या गेटवर. सर्व परदेशी कामगारांनी नवीन कार्डांची नोंद करून घ्यावी अशी सूचना लागली होती. गेटवरचा पहारेकरी कार्ड वाची आणि शेजारी बसलेला कारकून ते वहीत उतरवून घेई. ट्रकवाल्यांना हाका मारून मारून त्या पहारेकऱ्याचा आवाज असा तयार झाला होता की तो कानात सांगायला लागला तरी गोदामापर्यंत ऐकू जाई. त्याने तपासनिसांचं कार्ड हातभर लांब धरलं आणि वाचलं, "अवलंबित, कंसात पत्नी." कारकुनाला नीट ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा वाचलं.

मागे रांगेत पॅकिंग विभागाची सोळा माणसं उभी होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्याऐवजी चहाच्या वेळी पॅकिंगचा मुख्य त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि फार मऊ आवाजात त्याने विचारलं, वहिनींची तब्येत बरी आहे ना. तपासनिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता यात खोटं काय होतं, असं कुणी विचारेल. काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तपासनिसांची बायको दातांच्या कवळ्या बनवायची. साध्यासुध्या नव्हे, तिने बनवलेली कवळी लावून माणूस ऊस खाऊ शकेल, असं तिच्या हाताखालच्या मुली म्हणत. अकरा वर्षांपूर्वी या देशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं, आणि तिच्या कागदांवर, तिच्या मागोमाग, चार वर्षांची लेक आणि एका शाळेतले लेखनिक असे दोघं आले. ते लेखनिक म्हणजे तपासनीस. पहिले चौदा महिने ते घरी होते. लेकीला शाळेत सोडत, आणत, कुकरच्या शिट्ट्या मोजत. मग एके दिवशी चहाच्या कपाशेजारी वर्तमानपत्र बरोबर कारखान्याच्या जाहिरातीवर दुमडून ठेवलेलं सापडलं, आणि ते झाकणांकडे वळले. वर्तमानपत्र कुणी दुमडलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

हा झाला खरा इतिहास. सांगायचा इतिहास वेगळा होता. नातेवाइकांना ते 'आम्हाला तिकडून बोलावणं आलं' असं सांगत आणि त्या 'आम्हाला'मध्ये आपण पुढच्या बाजूला बसत. कारखान्यात तर, झाकणांच्या क्षेत्रातला आपला अनुभव बघून आपल्याला बोलावलं गेलं, इथपर्यंत मजल गेली होती. तोवर झाकणांशी त्यांचा संबंध आला होता तो घरच्या बरण्यांपुरता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती पहारेकऱ्याने दोनदा उघडली.

त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं की वास्तव्याचा प्रकार बदलून घ्यायचा. दहा वर्षं झालेल्या अवलंबिताला 'स्वतंत्र' होण्यासाठी अर्ज करता येतो, असं कार्डासोबत आलेल्या पत्रकात छापलंच होतं. आणि हेही ठरवलं की बायकोला सांगायचं नाही. नवीन कार्ड हातात आलं की जेवताना सहज टेबलावर ठेवायचं. ती विचारेल, हे काय. आपण म्हणायचं, काही नाही गं, घेतलं बदलून. हा संवाद त्यांनी बसमध्ये तीन वेळा मनात म्हणून पाहिला आणि तिन्ही वेळा तो फार छान झाला.

वरच्या मजल्यावर अर्जकाका राहत. तीस वर्षांपूर्वी आलेले, आपल्याच भाषेतले, निवृत्त. त्यांना दुसऱ्यांचे अर्ज भरण्याचा नाद होता. काही माणसं कोडी सोडवतात, काही मासे पकडतात. काका अर्ज भरत. त्यांच्या सल्ल्याने किती अर्ज मंजूर झाले याची नोंद कुणी ठेवली नव्हती, पण सल्ला देताना त्यांचा चेहरा असा असे की विचारायचा धीर होऊ नये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की ही तर किरकोळ गोष्ट आहे, मूळ प्रवेशपत्र घेऊन जा आणि सोबत जमतील तेवढे कागद जोड. कागद जास्त असले की कारकून दबतो.

तपासनिसांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि फाईल घेऊन ते परदेशी नागरिकांच्या कचेरीत सात नंबरच्या खिडकीपुढे उभे राहिले. खिडकीतल्या बाईंचा चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला होता आणि त्या प्रेमळही नव्हत्या, खाष्टही नव्हत्या, नीट होत्या. त्यांनी मूळ प्रवेशपत्र मागितलं. तपासनिसांनी ते अभिमानाने काचेखालून सरकवलं.

इथे थोडं थांबायला हवं. आपल्या लोकांत अशी पक्की श्रद्धा आहे की कागद महत्त्वाचा असेल तर त्याला लॅमिनेट करावं. तपासनिसांचा जन्मदाखला लॅमिनेट केलेला होता, लग्नाचा दाखला होता, शाळा सोडल्याचा होता, इतकंच काय, मिक्सरचं गॅरंटी कार्डसुद्धा होतं. मिक्सर कधीच गेला, कार्ड अजून नव्यासारखं आहे. या देशात पाऊल ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी लॅमिनेशनचं दुकान शोधून काढलं होतं आणि तिघांच्या प्रवेशपत्रांपैकी आपलं आधी घातलं होतं. उरलेली दोन बायकोने घालू दिली नाहीत. तिला कागदाची कदर नाही, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

बाईंनी प्रवेशपत्र उलटं केलं. मागच्या बाजूला शिक्का मारायचा असतो, त्या म्हणाल्या. आणि समजावून सांगण्यापेक्षा दाखवून द्यावं म्हणून त्यांनी शिक्का मारला. मग अंगठ्याने तो पुसून दाखवला. प्लास्टिक स्वच्छ झालं, अंगठा निळा झाला. मागे रांगेतल्या कुणीतरी हळहळल्याचा आवाज काढला.

घरी आल्यावर काका म्हणाले, हात्तिच्या, प्लास्टिक काढायचं. इस्त्री कोमट हवी, वर ओला रुमाल हवा, आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. बायको कामावर, लेक शाळेत, अशा वेळी हे काम जेवणाच्या टेबलावर झालं. काका मोजत होते, तपासनीस दाबत होते. काकांना तिसऱ्या आकड्यावर आपल्या जुन्या एका अर्जाची गोष्ट आठवली, तिच्यात ते जरा रमले, आणि पाच यायला बराच वेळ लागला. प्लास्टिक निघालं. त्याच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्राही निघाला आणि त्या पापुद्र्याबरोबर तपासनिसांचं नाव, जन्मतारीख, अधिकाऱ्याची सही आणि अर्धा फोटो. कागदावर वाचता येण्यासारखी एकच ओळ उरली. 'हमीदार:' आणि पुढे बायकोचं संपूर्ण नाव.

टेबलावर इस्त्रीच्या आकाराचा पांढरा डाग पडला होता. तपासनिसांनी त्यावर एक विणलेला रुमाल पसरला आणि रुमालावर फुलदाणी ठेवली. त्या घरात फुलदाणी कधी टेबलावर नसे. संध्याकाळी बायकोने तिच्याकडे पाहिलं आणि ताटं वाढली. त्यांना वाटलं, निभावलं.

पुन्हा अर्धी रजा, पुन्हा सात नंबर. बाईंनी उरलेला कागद दिव्यापुढे धरून पाहिला आणि खाली ठेवला. मग सांगितलं की दुसरी प्रत मिळेल, पण ती हमीदाराने स्वतः मागायला हवी. खरं तर हमीदाराची सही असेल तर प्रवेशपत्राचीही गरज नाही. एका पानाचा अर्ज आहे, खाली दोघांच्या सह्या, आठ दिवसांचं काम. बायकोला घेऊन या.

आठ दिवस. एक पान. माणसाने तिथल्या तिथे तो कागद घ्यावा, घरी जावं आणि म्हणावं, अगं, इथे सही कर. पण तपासनिसांच्या घशाखाली ते उतरेना. सही मागायची म्हणजे कारण सांगावं लागणार. आणि कारण सांगायचं म्हणजे जिच्या कमाईवर चौदा महिने जेवलो तिला तोंडावर सांगायचं की तुझं नाव मला टोचतं. हे त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी विचारलं की दुसरा काही मार्ग आहे का. बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खणातून बारा नंबरचा नमुना काढून दिला.

बारा नंबरचा नमुना नऊ पानांचा होता. पहिल्याच पानावर एक चौकोन होता आणि चौकोनापुढे वाक्य होतं: 'हमीदाराचं सहकार्य उपलब्ध नाही.' तिथे खूण केल्याशिवाय पुढचं एकही पान भरता येत नव्हतं. तपासनीस त्या चौकोनापुढे काकांच्या घरी चांगली वीस मिनिटं बसून होते. काका म्हणाले, "अरे, सरकारी कागदावरचं कुणी मनाला लावून घेतं का? सहकार्य नाही म्हणजे सध्या ती इथे या खुर्चीत नाही. नाहीये ना? मग झालं."

तपासनिसांनी खूण केली. साडेनऊ वर्षांत गळकं झाकण न सोडलेला तो हात, पण त्या दिवशी त्याने सोडलं. खूण करताना त्यांनी दाराकडे पाहिलं होतं, ते काय उगीच नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पुढची आठ पानं अर्जदार स्वतंत्रपणे राहतो याच्या पुराव्यांची होती. काकांना आता खरा रंग चढला. पहिला पुरावा, स्वतंत्र टपालपेटी. इमारतीच्या जिन्याखाली सगळ्यांच्या पेट्या होत्या. तपासनिसांनी बायकोच्या नावाच्या पेटीशेजारी आपल्या एकट्याच्या नावाची नवी पेटी ठोकली. लेक आता पंधरा वर्षांची होती आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. ती म्हणाली, "बाबा, आपल्याला महिन्याला चार पत्रं येतात. त्यातली तीन दंतमंजनाच्या जाहिराती असतात." तपासनीस म्हणाले की टपाल खात्याचा नवा नियम आहे. मुलांशी खोटं बोलताना एक वाईट गोष्ट अशी होते की त्यांना ते कळतं आणि ती आपल्याला वाचवण्यासाठी कळलं नसल्याचं दाखवतात. तिने तसंच केलं.

दुसरा पुरावा, स्वतंत्र खोलीचा फोटो. लेक शाळेत गेल्यावर तिच्या खोलीत आपले तीन शर्ट लटकवून, पलंगावर दाढीचं सामान मांडून काकांनी त्यांचा फोटो काढला. भिंतीवर फुलपाखरांचे स्टिकर होते, ते फोटोत आले. काका म्हणाले, येऊ देत, साधी राहणी दिसते.

तिसरा पुरावा म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या सह्या. तळमजल्यावर एक आजी राहत, निवृत्त शिक्षिका. तपासनीस त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. 'अर्जदार आपलं सर्व काही पत्नीच्या मदतीशिवाय करतो' असं त्यात होतं. आजींनी ते वाचलं, चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. पण त्या दिवसापासून त्यांनी तपासनिसांशी बोलणं बंद केलं आणि त्यांच्या बायकोला मात्र जिन्यात अडवून हात हातात घेऊन विचारू लागल्या की झोप लागते ना, काही लागलं तर मी खालीच आहे. बायको म्हणे, लागते की. समोरच्या बसचालकाने तर सही करण्याआधी तपासनिसांना आत बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि आपल्याही बाबतीत सहा वर्षांपूर्वी हेच झालं होतं हे सांगितलं. पहिला महिना जड जातो, मग सवय होते, माझा सोफा मोकळा आहे, केव्हाही ये. तपासनिसांना सांगताच येईना की असं काही नाही, कारण असं काही नसेल तर मग हातातला कागद कशाचा. त्यांनी मान खाली घातली. ती बसचालकाला पटली.

असा हा अर्ज फोटोंसह सात नंबरच्या खिडकीत दाखल झाला. पुढचे सतरा दिवस तपासनीस दररोज आपल्या नव्या पेटीत डोकावत. ती रिकामी असे. चौकशी अधिकारी पत्र पाठवून येत नाहीत, अचानक येतात, हे बारा नंबरच्या नमुन्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. काकांनी ते पान वाचलं नव्हतं, कारण त्यात भरायचं काही नव्हतं.

ते आले शनिवारी सकाळी. आता शनिवारी सकाळी त्या घरात काय चाले, हे सांगायला हवं. दर दीड महिन्याने बायको तपासनिसांचे केस कापायची. अकरा वर्षांपूर्वी काटकसर म्हणून सुरू झालेलं ते काम नंतर तसंच राहिलं. दातांचं बारीक काम करणारा हात, त्यामुळे कानामागचे केस तिच्यासारखे कुणी कापत नसे. स्वयंपाकघरात स्टूल ठेवायचं, गळ्याभोवती जुनी चादर बांधायची आणि ती म्हणेल तशी मान वळवायची. त्या शनिवारी डावी बाजू कापून झाली होती. बेल वाजली आणि लेकीने दार उघडलं.

चौकशी अधिकारी सडपातळ गृहस्थ होते. आत येताना त्यांनी लादी खराब होऊ नये म्हणून बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या. हातात फाईल. त्यांनी चादर गुंडाळलेल्या तपासनिसांकडे पाहिलं, कात्री घेतलेल्या बायकोकडे पाहिलं, मग फाईलमधला फुलपाखरांचा फोटो पाहिला आणि विचारलं, "अर्जदार हेच का?"

बायको म्हणाली, हेच, पण अर्ज कसला. अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे अर्जाची प्रत तिच्या हातात दिली. तिने कात्री ओट्यावर ठेवली, हात पुसले आणि उभ्यानेच नऊ पानं वाचली. पहिल्या पानावर तिला जरा जास्त वेळ लागला. तपासनीस चादरीत बसून होते, उठता येत नव्हतं, कारण उठलं असतं तर सगळीकडे केस सांडले असते. जमीन दुभंगली असती तर ते स्टुलासकट आत गेले असते.

अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारले आणि बायकोने एकेकाचं नेमकं उत्तर दिलं. हो, इथेच राहतात. नाही, वेगळी खोली नाही; ती खोली मुलीची आहे. सहकार्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली की माझ्याकडे कुणी मागितलं नाही. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं, 'डावीकडचे केस कापलेले' हेसुद्धा लिहिलं, आणि मग तपासनिसांकडे वळून म्हणाले की खोटं निवेदन दिल्याचं दिसतं आहे. यात आहे तो रहिवासही रद्द होऊ शकतो. झाला तर तीस दिवसांत देश सोडावा लागतो. सोमवारी दोघांनी कचेरीत यावं.

दार लागलं. बायकोने टेबलावरची फुलदाणी उचलली, विणलेला रुमाल काढला, घडी केला, आणि फुलदाणी पुन्हा कपाटावर ठेवली. डाग उघडा पडला. "हा मी त्याच संध्याकाळी बघितला होता," ती म्हणाली. "म्हटलं, सांगतील आपणहून." मग ती आत गेली. कात्री ओट्यावर तशीच राहिली. लेक बाबांकडे न बघता केस झाडायला लागली.

रविवारी न्हाव्याची दुकानं बंद होती आणि उघडी असती तरी तपासनीस गेले नसते. उजवीकडची बाजू आता तिनेच कापायची किंवा ती तशीच राहायची, इतकं त्यांना त्या अवस्थेतही कळत होतं. त्यांनी लोकरीची टोपी घातली. घरात सगळे सगळ्यांशी बोलत होते. मीठ दे, दार लाव, एवढंच. काका वरून खाली आले, दारातूनच वारं ओळखून परत गेले.

सोमवारी दोघं बसमध्ये शेजारी बसले. बायकोच्या मांडीवर तिची पिशवी होती. तीस दिवस, लेकीची शाळा, तिचं पुढचं वर्ष, हे सगळं तपासनिसांच्या छातीवर बसलं होतं. लेक आणि बायको इथे आणि आपण एकटे परत तिकडे, लोकांना काय सांगायचं, असाही एक विचार आला. या घडीलाही आपल्याला लोकांचंच पडलंय, हे लक्षात येऊन त्यांची त्यांनाच किळस आली.

सात नंबरच्या बाईंनी दोघांना आत बसवलं आणि फाईल आणायला गेल्या. फाईल चांगली जाड निघाली. तपासनिसांना वाटत होतं त्यात आपली नऊ पानं असतील. पण खाली एक गठ्ठा होता, दरवर्षाचा एक, अकरा कागद. बाई म्हणाल्या की ही हमीपत्रं आहेत. अवलंबिताची जबाबदारी आपली आहे असं हमीदाराला दरवर्षी लिहून द्यावं लागतं, नाहीतर रहिवास पुढे चालत नाही. तपासनिसांनी बायकोकडे पाहिलं. तिने त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. दरवर्षी एक दिवस ती प्रयोगशाळेतून उशिरा यायची, बस चुकली म्हणायची.

"यांची फाईल आम्हाला पाठ आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे सरकवले. या देशाच्या भाषेत, पण बायकोच्या त्याच गोल अक्षरात. प्रत्येकावर एक रकाना होता: संबंधित व्यक्तीचं घरातलं स्थान. आणि त्या रकान्यात तिने पहिल्या वर्षी लिहिलं होतं, 'घरातला कर्ता'. कुणीतरी ते लाल शाईने खोडून वर 'अवलंबित' लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा 'घरातला कर्ता', पुन्हा लाल रेघ. तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी. अकराच्या अकरा. पहिल्या वर्षाचा कागद तर त्या चौदा महिन्यांतला होता, जेव्हा कर्ता कुकरच्या शिट्ट्या मोजत होता.

"मी यांना दरवर्षी सांगते की त्या रकान्यात असं चालत नाही," बाई म्हणाल्या. "या म्हणतात, तुम्ही खोडा, मी तर लिहिणार."

तपासनिसांना वर बघता येईना. पहारेकऱ्याने दोनदा वाचलं म्हणून जी लाज वाटली होती ती आता त्यांना पोरखेळ वाटली. लाज ही होती. अकरा वर्षं बायको त्यांच्यासाठी एका कचेरीशी भांडत होती, आणि त्यांनी लिहून दिलं होतं की तिचं सहकार्य उपलब्ध नाही.

बाईंनी एक कोरा कागद दिला. निवेदन आपणहून मागे घेतलं आणि खरं कारण लिहिलं तर वरिष्ठ ताकीद देऊन सोडतात, रहिवास शाबूत राहतो. पण कारण खरं हवं, सबब नको. तपासनिसांनी पेन घेतलं. अर्जकाकांनी अशा वेळी दीड पान सहज लिहिलं असतं. तपासनिसांनी दोन ओळी लिहिल्या. 'हमीदाराचं सहकार्य उपलब्ध होतं. अर्जदाराने लाजेपोटी मागितलं नाही.'

बायकोने ते वाचलं. मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. तोच एका पानाचा अर्ज, दोघांच्या सह्यांचा. तो ती कधी घेऊन आली, देव जाणे. खाली तिची सही झालेली होती. "स्वतंत्र व्हायचं होतं तर सांगायचं होतं मला," ती म्हणाली. "मी काय बांधून ठेवलंय?"

तपासनीस म्हणाले, "राहू दे सध्या." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. तो अजून त्यांच्याकडे आहे. लॅमिनेट केलेला नाही.

ताकीद मिळाली, लेखी, दोन प्रतींत. बसथांब्यावर तपासनिसांनी टोपी जराशी वर केली आणि विचारलं की आज संध्याकाळी ती दुसरी बाजू. बायको रस्त्याकडे बघत म्हणाली, "केस मी शनिवारी कापते." तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण बस आली आणि ते काय होतं हे त्यांना नीट दिसलं नाही.

मंगळवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्याने त्यांना थांबवलं. फोटोत टोपी नाही, डोक्यावर टोपी आहे. चेहरा जुळला पाहिजे, टोपी काढा. मागे पॅकिंग विभागाची रांग होती. तपासनिसांनी टोपी काढली. डावी बाजू नेटकी, उजवी कानावर आलेली. पहारेकऱ्याने कार्ड पाहिलं, डोकं पाहिलं, आणि आपल्या त्या गोदामापर्यंत पोचणाऱ्या आवाजात विचारलं की हे कुणी केलं.

तपासनिसांनी कार्ड त्याच्या हातातून परत घेतलं, फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही कंसात आहे ना, तिने."

"पण अर्धेच?"

"उरलेले शनिवारी," तपासनीस म्हणाले, आणि टोपी खिशात घालून आत गेले.